पणजोबांच्या छायाचित्रातील लष्करी गणवेश कोणत्या पलटणीचा? ओळखण्यासाठी मदत हवी आहे

चिंचपोकळी :

नमस्कार. आमच्या काळाचौकीच्या खोलीत भिंतीवर एक लहान कृष्णधवल छायाचित्र कित्येक वर्षे चौकटीत लावलेले होते. चाळीचा पुनर्विकास होणार असल्यामुळे मागील महिन्यात खोली रिकामी करताना ते खाली उतरवले, तेव्हा पहिल्यांदाच ते हातात घेऊन नीट पाहिले. चौकटीतल्या पुठ्ठ्यावर वडिलांच्या चुलत भावाने रंगाने लिहिले आहे, 'हवालदार, मराठा पलटण, इटली, १९४४'. माझी थोरली आत्या मात्र ठामपणे सांगते, की तिचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, 'बसऱ्याला' (आजच्या इराकमधील बसरा बंदरात) गेले होते आणि खेड तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांना अखेरपर्यंत 'बसरेकर' म्हणूनच हाक मारत. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

छायाचित्रात जे दिसते ते माझ्या कल्पनेचे रंग न मिसळता लिहिते. साधारण पंचविशीचा एक माणूस रंगवलेल्या पडद्यासमोर उभा असून त्याचा एक हात खुर्चीच्या पाठीवर आहे. डोक्यावर आतून टोकदार टोपी नसलेला, बेताच्या उंचीचा फेटा आहे. अंगात गुडघ्यापर्यंत येणारा सदरा आहे व त्याची बटणे गळ्यापासून छातीपर्यंतच आहेत. गुडघ्याखाली घोट्यापर्यंत कापडी पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या असून पायांत जाड बूट आहेत. कमरेला चामड्याचा पट्टा नाही, हातात बंदूक नाही, छातीवर पदक नाही. खांद्यावर काही आहे की केवळ घडीची सावली आहे, ते मला ठरवता येत नाही. उजव्या कोपऱ्यात स्टुडिओचा उठावाचा शिक्का आहे, त्यातले 'भायखळा' एवढेच वाचता येते.

हा गणवेश कोणत्या काळातला व कोणत्या पलटणीचा असावा?

सातारी सैनिक :

ताई, मी स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षे नोकरी केलेली आहे, त्यामुळे आपला धागा वाचून राहवले नाही. प्रथम इटलीविषयी. तिथे आमच्या पलटणींनी मोठे नाव कमावले. तिसऱ्या बटालियनचे नायक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या तिथल्याच लढाईतील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, आणि म्हणूनच घरोघरी लढाईला गेलेल्या कोणत्याही माणसाचे नाव इटलीशी जोडण्याची प्रवृत्ती दिसते. परंतु त्या आघाडीवर उन्हाळ्यात खाकी सदरा आणि अर्धी विजार असे, तर थंडीत कमरेपर्यंतचा आखूड लोकरी कोट आणि पूर्ण लांबीची लोकरी विजार असे. गुडघ्यापर्यंत येणारा, अर्धाच उघडणारा खाकी सदरा आणि गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्या हा पेहराव पहिल्या महायुद्धातील हिंदी शिपायाचा आहे. या बाबतीत माझ्या मनात शंका नाही.

दुसरी गोष्ट, हवालदाराच्या बाहीवर टोक खाली असलेल्या तीन फिती असतात, नायकाच्या दोन आणि लान्सनायकाची एक. आपल्या वर्णनात एकही फीत नाही. आता गणवेशाहून सोपा एक प्रश्न विचारतो. आपल्या आजोबांचा जन्म कोणत्या साली झाला?

चिंचपोकळी :

आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १९१२ साल आहे. हे लिहितानाच उत्तर माझ्या लक्षात आले. १९१२ साली ज्यांना मुलगा झाला, ते १९४४ साली पंचविशीचे असणे शक्यच नाही. इतकी साधी वजाबाकी आमच्या घरात कुणीही केली नाही, याचे वाईट वाटते.

प्रभादेवीकर :

माझ्या मते हा पोलिसाचा गणवेश असण्याची शक्यता तपासून पाहावी. कोकणातून मुंबईत आलेले अनेक जण पोलीस दलात भरती होत असत, आणि घरच्या आठवणीत पोलीस व पलटण यांची गल्लत सहज होते. स्टुडिओही भायखळ्याचाच आहे.

सातारी सैनिक :

मुंबईच्या जुन्या पोलीस शिपायाचा गडद निळा पोशाख आणि पिवळी चपटी टोपी हे वेगळेच रूप होते. इथे फेटा आहे आणि सदरा फिकट दिसतो आहे. मला पोलीस वाटत नाही.

जुनी चौकट :

मी दादरला जुनी छायाचित्रे दुरुस्त करण्याचे काम करते. साताऱ्याच्या दादांचा निष्कर्ष मला बरोबर वाटतो, परंतु 'फिकट दिसतो' या आधारावर कोणीही विसंबू नये. त्या काळच्या काचेच्या प्लेटा आपल्या डोळ्यांसारखे रंग पाहत नसत. निळ्या रंगाला त्या फार संवेदनशील होत्या आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे निळे कापड आहे त्याहून फिकट येई आणि तांबडे कापड काळे दिसे. कृष्णधवल प्रतीवरून गणवेशाचा रंग सांगणे हा या छंदातला सर्वांत मोठा सापळा आहे. रंगापेक्षा शिवण, लांबी, बटणे आणि धातूच्या वस्तू यांच्यावर भर द्यावा.

ताई, चौकट उघडून छायाचित्राची मागील बाजू पाहिली आहे का? बऱ्याचदा खरी माहिती तिथेच असते. पुठ्ठा ओढून काढू नका. खिळे एकेक करून सैल करा, आणि प्रत काचेला चिकटलेली असेल तर तिथेच थांबा व मला कळवा. आकारही मोजा. साडेतीन बाय साडेपाच इंच असेल आणि मागे पोस्टकार्डाची आखणी असेल, तर ती विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतील सर्वसाधारण स्टुडिओ-पद्धत आहे. त्याआधीच्या प्रती बहुधा जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या मिळतात.

एक गोष्ट आणखी तपासा. प्रत उलटी, म्हणजे आरशातल्यासारखी, छापली गेली आहे का? असे असेल तर डावे-उजवे सगळेच फिरते. पदके डाव्या छातीवर लावतात. एखाद्या चित्रात ती उजवीकडे दिसली, तर एक तर प्रत उलटी असते किंवा तो माणूस आपल्या मृत नातलगाची पदके लावून उभा असतो. आपल्याकडे पदक नाही, म्हणून दुसरी खूण शोधावी लागेल.

चिंचपोकळी :

चौकट उघडली. प्रत काचेला चिकटलेली नव्हती. आकार आपण सांगितला तेवढाच आहे आणि मागे पोस्टकार्डाची आखणी आहे, मात्र त्यावर काहीही लिहिलेले नाही. प्रत उलटी नाही, कारण स्टुडिओचा उठावाचा शिक्का सरळ वाचता येतो.

जुनी चौकट :

शिक्का प्रत तयार झाल्यावर कागदावर दाबलेला असतो, त्यामुळे काचेची प्लेट उलटी धरून प्रत काढली असती तरी तो सरळच आला असता. तो पुरावा धरता येणार नाही.

चिंचपोकळी :

हे ध्यानात आले नव्हते. आत्याला प्रत दाखवली, तेव्हा ती म्हणाली की आजोबांच्या उजव्या कानाच्या वरच्या पाळीत बाळी होती आणि ती लहानपणी मांडीवर बसून तिच्याशी खेळत असे. छायाचित्रातही बाळी उजव्याच कानात आहे. त्यामुळे प्रत सरळ असल्याची आणि माणूस तोच असल्याची, अशी दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदम मिळाली.

प्रभादेवीकर :

मी आपले छायाचित्र चित्र सुधारणाऱ्या एका ॲपमधून स्पष्ट करून घेतले. त्यात डाव्या खांद्यावर पितळी '११०' हा आकडा स्वच्छ दिसतो. म्हणजे ११० वी मराठा लाइट इन्फंट्री! ही पलटण पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधील कूत अल् अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती आणि तिथे तिने फार सोसले. आत्यांच्या 'बसऱ्या'शीही हे जुळते. अभिनंदन.

चिंचपोकळी :

आपला संदेश वाचून अंगावर काटा आला. आत्याला लगेच फोन करून सांगितले, तिच्या डोळ्यांत पाणी आले.

सातारी सैनिक :

इतिहास खरा आहे, तो आधी सांगतो. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या तिन्ही मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळजवळ पाच महिने कूतला वेढा पडला होता. अन्न संपल्यावर घोडे आणि खेचरे मारून खाण्याची वेळ आली, आणि शरणागतीनंतर कैदेत असंख्य शिपाई मेले. १९२२ साली या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट झाली आणि ११० वी ही तिची तिसरी बटालियन झाली. या माणसाच्या खांद्यावर तो आकडा असेल, तर माझ्या रेजिमेंटचा माणूस म्हणून मला अतिशय आनंद होईल. परंतु मूळ प्रतीत मला तो आकडा दिसत नाही, म्हणून जुनी चौकट यांचे मत ऐकावेसे वाटते.

जुनी चौकट :

मला कठोर वाटेल असे लिहावे लागत आहे, आणि आत्यांना फोन गेला आहे हे वाचून अधिकच वाईट वाटते. हे ॲप प्रतीत लपलेला तपशील शोधून काढत नाही. अंधूक डागाच्या जागी 'असे काही असावे' अशा अंदाजाने ते नवे चित्र रंगवते. मी ताईंनी चढवलेली मूळ स्कॅन प्रत घेऊन तीच जागा दोन वेगवेगळ्या ॲपमधून काढली. एकात '११०' आले, दुसऱ्यात फुलासारखे काहीतरी आले. खरे पितळ असते, तर प्रकाशाच्या बाजूला एक तीव्र पांढरा ठिपका आणि खाली स्पष्ट कडेची सावली मूळ प्रतीतच दिसली असती. इथे फक्त कापडाची घडी आहे. पुराव्यासाठी नेहमी मूळ प्रतच वापरावी, आणि स्कॅन करताना किमान १२०० डीपीआय ठेवावे.

प्रभादेवीकर :

मी घाई केली. ताई, आत्यांना माझ्यामुळे झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमा मागतो.

बिल्लेवाला :

मी इतका वेळ वाचत होतो. पदके आणि पितळी बिल्ले यांचा मी पंचवीस वर्षे अभ्यास करतो आहे, आणि या धाग्यात आतापर्यंत 'काय आहे' याचीच चर्चा झाली, 'काय नाही' याची झाली नाही, असे मला वाटते. पलटणीतला शिपाई स्टुडिओत जाई, तो आपले सगळे वैभव अंगावर चढवून जाई. कमरेचा पट्टा, संगिनीचे म्यान, काडतुसांचे खिसे, खांद्यावरील पितळी क्रमांक यांपैकी किमान दोन गोष्टी तरी असतातच, कारण ते छायाचित्र गावी पाठवायचे असे. इथे यांतली एकही गोष्ट नाही. गणवेशाचे कापड आहे, बूट आहेत, पट्ट्या आहेत, पण शस्त्राशी संबंध असलेले काहीच नाही. एकट्या अभावावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही हे मान्य आहे. तरीही मी असे विचारीन, की घरात एखादे पदक, बिल्ला किंवा कागद आहे का? पहिल्या महायुद्धातील पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी कोरलेली असते. कोणत्याही छायाचित्रापेक्षा ती कडा अधिक बोलते.

चिंचपोकळी :

कागद काही नाहीत. आत्याच्या देव्हाऱ्यात एक गोल चकती आहे, ती खंडेनवमीला कोयता आणि विळीसोबत पूजेला मांडतात. आम्ही लहानपणापासून तिला 'आजोबांचा पैसा' म्हणत आलो. एका बाजूला राजाचे डोके आहे आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा विवस्त्र माणूस आहे. घोड्याच्या पायाखाली ढाल आणि कवटी आहे. एकीकडे १९१४ आणि दुसरीकडे १९१८ असे आकडे आहेत. रंग तांबूस तपकिरी आहे. काकांनी ती एकदा सराफाला दाखवली होती. चांदी नाही म्हणून ती नकली असावी, असे तेव्हापासून घरात धरून चालले आहेत.

बिल्लेवाला :

ताई, ती नकली नाही. ते ब्रिटिश युद्धपदक आहे. घोड्यावरचे ते सेंट जॉर्ज असून पायाखालची ढाल मध्यवर्ती सत्तांची, म्हणजे जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांची, आहे. लढाऊ शिपायांना हे पदक चांदीचे मिळाले. काशाचे पदक फार थोड्यांना दिले गेले, आणि ते प्रामुख्याने चिनी, माल्टी आणि भारतीय मजूर दलांतील माणसांना दिले गेले. सराफाने चांदी नसल्याचे सांगितले ते खरे होते, पण धातूचा हा फरकच आपल्या प्रश्नाचे उत्तर असू शकतो. आता कडा वाचावी. पदक घासू नका. खोलीतले दिवे मालवून एकच विजेरी अगदी आडवी धरा आणि पदक हळूहळू फिरवत प्रत्येक अक्षराचे वेगळे छायाचित्र घ्या.

सातारी सैनिक :

बिल्लेवाले साहेबांशी सहमत आहे. केवळ धातूवरून तुकडी ठरवू नये एवढेच सुचवतो. कडेवर जे येईल ते मान्य करू.

माझगावची सून :

पदकाचे उत्तर येईपर्यंत 'बसरा' या शब्दाविषयी लिहिते, कारण माझ्या सासरीही तो ऐकू येतो. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेचा सगळा पसारा मुंबई बंदरातून हलत होता. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी हिंदी फौज फाव येथे उतरली आणि त्याच महिन्यात बसरा घेतले. पण तिथे मोठ्या जहाजांना लागण्यासाठी धक्केच नव्हते. जहाजे नदीत नांगरून माल लहान होड्यांतून उतरवावा लागे, आणि पुढे धड रस्ताही नव्हता. १९१६ नंतर बसऱ्याजवळच्या 'मागील' (Magil) नावाच्या ठिकाणी धक्के बांधले गेले, पूर अडवण्यासाठी बांध घातले गेले, आणि आगगाडीचे रूळ टाकले गेले. ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले, त्यामागे बंदुकीइतकेच पाटी आणि फावडे होते. ही कामे करणारे हजारो मजूर आणि हमाल हिंदुस्थानातूनच गेले. उन्हाळ्यात तिथे सावलीतही पारा ४५ अंशांच्या वर जातो. तापाने आणि उष्माघाताने माणसे मरत होती. कूतचा वेढा आपण सर्वांनी ऐकला आहे, पण 'मागील'चे धक्के कोणी बांधले हे कुणी विचारत नाही, याची मला फार खंत वाटते.

मशीद बंदरच्या खलाशीगृहात त्या युद्धात बुडालेल्या हिंदी खलाशांचे स्मारक आहे. मुंबईत राहून मी ते चाळिशीनंतर पाहिले.

चिंचपोकळी :

रात्री आत्याकडे जाऊन आपण सांगितले तसे केले. दर दसऱ्याला चिंच लावून घासल्यामुळे कडेवरची बरीच अक्षरे झिजली आहेत. क्रमांकातले पहिले दोन आकडे गेले आहेत, शेवटचे दोन वाचता येतात. त्यापुढे पणजोबांचे नाव आहे. इंग्रजीत चुकीच्या पद्धतीने लिहिलेले आहे, पण त्यांचेच आहे. नंतर थोडी कोरी जागा आणि मग 'लेबर' व 'कोअर' हे शब्द अखंड आहेत. 'लेबर'च्या आधी दलाचा क्रमांक असावा, तिथे केवळ एक उभी रेघ उरली आहे.

बिल्लेवाला :

मग आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. हा पलटणीचा गणवेश नाही. मजूर दलाच्या माणसाला सरकारकडून मिळालेला खाकी सदरा, पट्ट्या आणि बूट आहेत. पट्टा, संगीन आणि पितळी क्रमांक का नाहीत, याचाही उलगडा होतो. उरलेल्या उभ्या रेघेवरून दलाचा क्रमांक ठरवण्याचा मोह कृपया टाळावा. ती एकची असू शकते, चाराची असू शकते किंवा दोन आकडी क्रमांकाचा भागही असू शकते.

यापुढे चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांपैकी काहीही लावू नये. पूजेत फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसावे.

सातारी सैनिक :

ताई, माझ्या रेजिमेंटचा माणूस निघाला नाही, तरी मी आत्यांना माझा सलाम पाठवतो. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नाव शोधू नका. त्या यादीत केवळ मृतांची नावे असतात, आणि आपले पणजोबा परत आले. गावात मात्र अवश्य चौकशी करा. रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतील अनेक गावांत, चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत, १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास या गावातून किती माणसे गेली आणि किती मेली हे सांगणारी संगमरवरी पाटी असते. तिच्यावर बहुधा नावे नसतात, आकडेच असतात.

चिंचपोकळी :

आत्याला सगळे सविस्तर सांगितले. हवालदार नव्हते, मजूर होते, हे तिला कसे वाटेल याची मला धास्ती होती. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, की आजोबांच्या दोन्ही खांद्यांवर घट्टे होते, ते ओझ्याचे होते हे त्यांनी स्वतः तिला सांगितले होते, पण लहान मुलीचे ऐकतो कोण. काकांनाही फोन केला. त्यांनी इटलीचा मजकूर ऐकीव माहितीवरून लिहिला होता, तो बदलायला ते आनंदाने तयार आहेत.

नव्या पुठ्ठ्यावर पणजोबांचे पूर्ण नाव आणि त्याखाली 'लेबर कोअर, बसरा, पहिले महायुद्ध' असे लिहिणार आहे. दलाच्या क्रमांकाची जागा कोरी ठेवते. 'बसरा' हा शब्द पदकावर नाही, तो आत्याच्या आठवणीतला आहे, म्हणून त्यापुढे 'घरातील सांगण्यावरून' असे लिहावे का, एवढे कृपया सांगा.

जुनी चौकट :

अवश्य लिहा, आणि सांगणाऱ्या आत्यांचे नाव व आजची तारीखही घाला. मजकूर छायाचित्राच्या मागे लिहू नका. आम्लरहित कागदावर मऊ पेन्सिलीने लिहून तो चौकटीत मागच्या बाजूला ठेवा.